लाकडी होडी स्वतः बांधायचीय? मग तिचा नकाशा नेमका कुठे मिळतो?

लाकडी होडी बांधण्याचे व्हिडिओ एकदा बघायला लागलं की बघतच राहावंसं वाटतं. रंध्याखालून निघणाऱ्या सालपटी, वाफेवर मऊ करून वाकवलेली फळी, शेवटी शांत पाण्यात उतरलेली होडी आणि वल्ह्यांचा आवाज. असे दहा-बारा व्हिडिओ पाहून झाले की अनेकांच्या मनात येतंच, आपणही एक बांधावी. मग पुढची पायरी म्हणजे गुगलवर होडीचा नकाशा शोधणं.

तिथे साधारण तीन प्रकारच्या गोष्टी समोर येतात. एक, सुंदर फोटो आणि खाली मोठं 'डाउनलोड' बटण. दोन, एखाद्या संग्रहालयाचं पान, ज्यावर वाकड्यातिकड्या रेषांचं जुनाट चित्र आणि आकड्यांचा तक्ता असतो. आणि तीन, एखाद्या डिझायनरची साधीशी वेबसाइट, जिथे एका नकाशासाठी बऱ्यापैकी पैसे मागितलेले असतात. बहुतेक जण पहिल्यावर क्लिक करतात. होडी मात्र सहसा दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारातून तयार होते.

असं का, हे समजण्यासाठी आधी एक गोष्ट माहीत हवी. आपण ज्याला पारंपरिक होडी म्हणतो, तिचा मुळात नकाशाच नव्हता.

नकाशाशिवाय होडी बांधायचे कशी?

नॉर्वेत बर्गन शहराच्या दक्षिणेला ओस नावाचा भाग आहे. तिथल्या ओसेलवार नावाच्या वल्ह्याच्या होड्या शेकडो वर्षं कागदाशिवाय बांधल्या गेल्या. कारागिराचा डोळा, काही ठरलेली मापं आणि गुरूशेजारी उभं राहून घालवलेली वर्षं, एवढ्यावर काम चालायचं. ही विद्या संपत चालली म्हणून १९९७ मध्ये ओसमध्ये खास कार्यशाळा सुरू झाली, जिथे जुने कारागीर नव्यांना शिकवतात. २०१६ मध्ये युनेस्कोने या प्रयत्नाची वारसा जपण्याचं चांगलं उदाहरण म्हणून नोंद केली.

जपानमध्ये तर गोष्ट आणखी अवघड होती. तिथले होडी बांधणारे एखाद्या फळीवर शाईने थोड्या रेषा आणि मोजकी मापं मांडायचे, पण महत्त्वाची मापं मुद्दाम लिहायचे नाहीत. धंद्याचं गुपित होतं ते. शिकाऊ मुलाने प्रश्न विचारायचे नाहीत, बघून बघून विद्या 'चोरायची', अशी पद्धत. डग्लस ब्रूक्स हा अमेरिकन कारागीर १९९० च्या दशकापासून जपानमधल्या वयोवृद्ध कारागिरांकडे शिकाऊ म्हणून राहिला. त्याचे बरेचसे गुरू आपल्या प्रकारची होडी बांधणारे शेवटचे होते. साडो बेटावरच्या, लाकडी टबासारख्या दिसणाऱ्या होड्या त्याने अशाच शिकून घेतल्या आणि मापांसकट पुस्तकात उतरवल्या. आज त्या होडीचं मोजमाप कुणालाही मिळतं, ते त्यामुळे.

आपल्याकडे कोकणातही वेगळं काही नव्हतं. होडी बांधणारा मिस्त्री गिऱ्हाइकाला विचारायचा की किती हाताची हवी, कुठल्या जाळ्यासाठी हवी आणि कुठल्या खाडीत चालवणार. उरलेलं सगळं त्याच्या डोक्यात.

काही ठिकाणी कागदाऐवजी लाकडात नकाशा असायचा. म्हणजे होडीची उभी चिरलेली अर्धी प्रतिकृती कोरायची, ती हातात फिरवून आकार पटला की तिची मापं मोठी करून बांधकाम करायचं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एम्सबरीत लॉवेल्स बोट शॉप नावाचा कारखाना १७९३ पासून आहे आणि आजही चालू आहे. कॉड मासे पकडायला लागणाऱ्या 'डोरी' नावाच्या सपाट बुडाच्या होड्या तिथे शेकड्याने बनायच्या, त्या फर्म्यांवरून. शिंप्याकडे कागदाचे कट असतात तसे लाकडी फर्मे भिंतीला टांगलेले. फर्मा ठेवायचा, पेन्सिल फिरवायची, कापायचं. १९११ या एका वर्षात त्यांनी दोन हजारांहून जास्त होड्या बांधल्या.

मग आज मिळणारे नकाशे आले कुठून?

कुणीतरी जुन्या होडीजवळ जाऊन, ओळंबा सोडून, तिची मापं घेतली. म्हणून.

यातलं सगळ्यात मोठं काम अमेरिकेत झालं, आणि त्यामागे महामंदी होती. १९३० च्या दशकात जहाज कारखाने बंद पडले, ड्राफ्ट्समन आणि सुतार बेकार झाले. सरकारच्या रोजगार योजनेतून १९३६ आणि १९३७ मध्ये त्यांना कामाला लावलं गेलं. काम काय, तर किनाऱ्या-किनाऱ्यावर कुजत पडलेल्या जुन्या नावांची मापं घेऊन त्यांचे नकाशे काढायचे. आपल्या रोजगार हमीवर रस्ते आणि पाझर तलाव होतात, तिथे होड्यांचे नकाशे झाले. ते आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत आणि त्यांच्या प्रती विकत मिळतात.

या मोहिमेच्या न्यू इंग्लंड विभागाचा प्रमुख होता हॉवर्ड शॅपेल. पुढे तो स्मिथसोनियनमध्येच गेला. त्याचं १९५१ चं छोट्या अमेरिकन शिडांच्या होड्यांवरचं पुस्तक आजही या क्षेत्रात प्रमाण मानलं जातं. त्यातल्या अनेक होड्या शिडावर चालायच्या तशा वल्ह्यांवरही चालायच्या. त्याच्यानंतर जॉन गार्डनर. कनेक्टिकटमधल्या मिस्टिक सीपोर्ट संग्रहालयात काम करताना त्याने डोरी आणि इतर वल्ह्याच्या होड्यांची मापं छापली, शिवाय ती घरी कशी बांधायची तेही लिहिलं. १९७८ च्या त्याच्या 'द डोरी बुक'मुळे कितीतरी हौशी लोकांनी आपल्या गॅरेजमध्ये पहिली होडी बांधली.

ब्रिटनमध्ये आरमाराला मात्र पहिल्यापासून कागद लागायचा. ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात जहाजांचे सुमारे दहा लाख नकाशे आहेत आणि त्यात मोठ्या जहाजांवर ठेवल्या जाणाऱ्या वल्ह्याच्या होड्यांचेही आहेत. या कागदांचं महत्त्व किती होतं, याचा एक किस्सा थेट मुंबईशी जोडलेला आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबाकडून 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज बांधून घ्यायचं १८१२ मध्ये ठरलं. त्याचे नकाशे ज्या जहाजातून निघाले, ते 'जावा' जहाज वाटेतच अमेरिकेच्या आरमाराने बुडवलं. नकाशे गेले. दुसरी प्रत मुंबईला पोहोचायला १८१६ उजाडलं, आणि जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरलं. सागवानाचं ते जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय.

नकाशात नेमकं काय असतं?

संग्रहालयातला नकाशा पहिल्यांदा पाहिला की कुणीही गोंधळतं. पण त्यात मुळात तीनच चित्रं असतात. होडी बाजूने कशी दिसते, वरून कशी दिसते आणि समोरून कशी दिसते. समोरून पाहिलेलं चित्र सगळ्यात कामाचं. दुधी भोपळ्याच्या चकत्या कराव्यात तशा होडीच्या ठरावीक अंतरावर चकत्या केल्या असं समजा. प्रत्येक चकतीची कड म्हणजे त्यातली एक रेष. दोन्ही बाजू सारख्याच असल्यामुळे अर्धीच काढतात. मधल्या उभ्या रेषेच्या उजवीकडे होडीचा पुढचा अर्धा भाग आणि डावीकडे मागचा. या चकत्यांच्या जागांना 'स्टेशन' म्हणतात.

याच्यासोबत आकड्यांचा तक्ता असतो, त्याला ऑफसेट टेबल म्हणतात. प्रत्येक स्टेशनवर होडी मध्यरेषेपासून किती रुंद आणि तळरेषेपासून किती उंच, हे त्यात लिहिलेलं असतं. जुन्या अमेरिकन आणि ब्रिटिश तक्त्यांत आकडे २-३-५ असे दिसतात. परदेशी हौशी लोकांना हे समजावून सांगावं लागतं, मराठी सुताराला नाही. २ फूट, ३ इंच, ५ सूत. आपल्याकडे इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत, आणि त्या तक्त्यातला तिसरा आकडाही इंचाचा आठवा भागच असतो. पुढे अधिकचं चिन्ह असेल तर अर्धा सूत आणखी. गावातल्या जुन्या सुतारासमोर हा तक्ता ठेवला तर इंजिनिअर मुलाच्या आधी त्याला तो कळेल.

आता या तक्त्यावरून थेट लाकूड कापायचं नसतं. आधी होडी पूर्ण आकारात जमिनीवर काढायची, याला लॉफ्टिंग म्हणतात. पांढऱ्या रंगाने रंगवलेले प्लायवूड खोलीभर अंथरायचे, आकड्यांप्रमाणे खिळे ठोकायचे, त्या खिळ्यांना लागून लाकडाची लवचीक पट्टी वाकवायची आणि रेष मारायची. तक्त्यात एखादा आकडा चुकलेला असेल तर पट्टी तिथे फुगते किंवा खचते, लगेच डोळ्याला दिसतं. अशा चुका नामांकित नकाशांतही असतात. जुन्या तक्त्यावरून लॉफ्टिंग न करता काम सुरू केलेल्या माणसाला त्या चुका फळी बसवताना कळतात, आणि तोवर लाकूड कापून झालेलं असतं.

आणखी एक गोष्ट नकाशावर बारीक अक्षरात लिहिलेली असते आणि तीच लोक वाचत नाहीत. ही मापं फळीच्या बाहेरच्या बाजूची आहेत की आतल्या? फळी अर्ध्या इंचाची असेल आणि इथे गल्लत झाली, तर दोन्ही बाजू मिळून होडी अख्ख्या इंचाने जाड किंवा बारीक होते.

ज्यांना लॉफ्टिंग नको, त्यांच्यासाठी काही डिझायनर पूर्ण आकाराचे कागदी फर्मे देतात. ते महाग असतात, पण पहिल्या होडीसाठी पैसे वसूल. फक्त पीडीएफ प्रिंट काढताना झेरॉक्सच्या दुकानात 'फिट टू पेज' बंद करायला सांगा. प्रिंटर गुपचूप ३-४ टक्के आकार कमी करतो, आणि प्रत्येक पान वेगवेगळं कमी झालं तर जोडताना काहीच जुळत नाही. नकाशावर मोजपट्टी छापलेली असते. प्रिंट हातात आल्यावर दुकानातच टेप लावून ती मोजा.

शोधायचं कुठे?

नुसता अभ्यास करायचा असेल, एखादा विशिष्ट जुना प्रकारच हवा असेल, तर स्मिथसोनियन, मिस्टिक सीपोर्ट आणि ग्रीनिच या संग्रहालयांच्या यादीत शोधावं. इथे मिळतो तो होडीचा पुरावा. त्यात आकार नेमका असतो, पण कुठला स्क्रू कुठे आणि आधी काय जोडायचं, हे क्वचितच असतं.

बांधायचीच असेल तर डिझायनरने हौशी माणसासाठी काढलेला नकाशा बरा. 'वुडनबोट' हे मासिक १९७४ पासून अमेरिकेतल्या मेन राज्यातून निघतं आणि नकाशेही विकतं. त्यातली जोएल व्हाइटने काढलेली 'नटशेल प्रॅम' ही आखूड, बोथट नाकाची होडी नवशिक्यांमध्ये फार चालते. (हा जोएल म्हणजे 'शार्लट्स वेब' लिहिणाऱ्या ई. बी. व्हाइटचा मुलगा.) लांबी आठ फुटांच्या आतबाहेर, म्हणजे साध्या खोलीतही बांधता येते. दारातून बाहेर निघेल का, हे मात्र आधी मोजावं. हा विनोद नाही, होडी बांधणाऱ्यांच्या जगात ही नेहमीची फजिती आहे.

आणि तिसरा मार्ग किटचा. यात फळ्या यंत्रावर कापून येतात, आपण जोडायच्या. 'ही काय खरी होडी झाली का' असं म्हणणारे असतात, पण इतिहास त्यांच्या बाजूने नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर झाडं जवळपास नाहीतच. त्यामुळे तिथले लोक शतकानुशतकं नॉर्वेतून होड्या सुट्या भागांत आणायचे आणि बेटावर जोडायचे. वर ज्या ओस भागाचा उल्लेख आला, तिथूनही त्या यायच्या. पुढे शेटलंडचे लोक त्याच घडणीच्या 'योल' नावाच्या होड्या स्वतः बांधू लागले. त्यातली फेअर आयल बेटावरची होडी समोर ठेवून २००९ मध्ये स्कॉटिश फिशरीज म्युझियमने इयन ऑट्रेड या डिझायनरकडून एक नवी होडी काढून घेतली. नाव सेंट एल्स स्किफ, लांबी २२ फूट, चार वल्हेकरी आणि एक सुकाणू धरणारा. प्लायवूडच्या फळ्यांचं किट गावाने विकत घ्यायचं, गावातल्या लोकांनी एकत्र बसून ते बांधायचं, आणि मग शेजारच्या गावाशी शर्यत लावायची. बघता बघता जगभरात अशा दोनशेहून जास्त होड्या झाल्या. २०१३ मध्ये अलापूलला त्यांची पहिली जागतिक स्पर्धा भरली. ऑट्रेड २०२४ मध्ये वारला, पण त्याच्या होड्यांची किटं अजून जोडली जातायत.

पैसे कुठे बुडतात?

'हजारो नकाशे एका क्लिकवर, आजच ऑफर' अशा पॅकेजमध्ये. त्यात बहुतेकदा जुन्या मासिकांतली स्कॅन केलेली पानं, अर्धवट चित्रं आणि कुठल्यातरी होडीचे फोटो एकत्र भरलेले असतात. डिझायनरचं नाव नाही, ऑफसेट टेबल नाही, कुणी ती होडी बांधून पाण्यात उतरवल्याचा पत्ता नाही. त्यापेक्षा एकच नकाशा घ्या, पण असा ज्यावर माणसाचं नाव आहे आणि ज्यावरून बांधलेल्या होड्यांचे व्हिडिओ सापडतात. अडचण आली तर त्या माणसाला ईमेल करता येतो, ही त्या किमतीतली मोठी गोष्ट. बहुतेक डिझायनर एका खरेदीत एकच होडी बांधायची परवानगी देतात. मित्राला पीडीएफ फॉरवर्ड करणं म्हणजे त्यांच्या पोटावर पाय.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा नकाशा खरा की नुसतं चित्र, हे ओळखायला एक मिनिट पुरतं. स्टेशनच्या रेषा आहेत का, आकडे आहेत का, फळीची जाडी लिहिली आहे का आणि वल्ह्याची लांबी दिली आहे का. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो. पण ४ फूट रुंदीच्या होडीला साधारण साडेसात ते आठ फुटी वल्हं लागतं, आणि ज्या नकाशात त्याचा विचारच नाही, तो काढणाऱ्याने होडी वल्हवून पाहिलेली नसण्याची शक्यता जास्त.

दिसायला सुंदर, पण कामाची आहे का?

इंटरनेटवर सगळ्यात जास्त शेअर होणारी होडी म्हणजे डोरी. उंच टोकं, तिरक्या बाजू, एकदम फोटोजेनिक. सपाट बुडामुळे बांधायलाही तुलनेने सोपी. पण मोठ्या डोरीचा जन्म मासे भरायला झाला. जहाजाच्या डेकवर वाट्यांसारख्या एकात एक रचून त्या न्यायच्या, समुद्रात सोडायच्या आणि कॉडने भरून परत आणायच्या. भरलेली डोरी लाटांना दाद देत नाही. रिकामी डोरी मात्र डुगडुगते, वाऱ्यावर भरकटते. त्यामुळे रविवारी सकाळी तलावात एकट्याने वल्हवायला ती निवडली तर पहिल्याच दिवशी घाबरगुंडी उडते. गार्डनरच्या पुस्तकात डोरीचे छोटे, हलके प्रकारही आहेत. हौशी माणसाने त्यातला बघावा.

'मला थोडी मोठी हवी' म्हणून नकाशा सगळ्या बाजूंनी वाढवणं हीसुद्धा नेहमीची चूक. लांबी, रुंदी, उंची तिन्ही १० टक्क्यांनी वाढवली तर होडीचं आकारमान जवळपास ३३ टक्क्यांनी वाढतं. लाकूड, वजन, वल्हवायला लागणारा जोर, सगळंच बदलतं. फक्त लांबी हवी असेल तर स्टेशनमधलं अंतर थोडं वाढवता येतं, तेही १० टक्क्यांच्या पुढे जाऊ नये असं जाणकार सांगतात.

लाकडाचंही तेच. अमेरिकन नकाशावर पांढरा सिडर लिहिलेला असतो. हवेत वाळलेल्या सिडरचं वजन घनमीटरला ३५० किलोच्या आसपास, आपल्या सागाचं साधारण ६५०. नकाशातल्या जाडीनेच सागाच्या फळ्या लावल्या तर होडी टिकेल खूप, पण तिला उचलून गाडीच्या टपावर ठेवायचं स्वप्न विसरायचं. जाडी कमी करायची तर किती, हे डिझायनरलाच विचारलेलं बरं. प्लायवूडच्या नकाशासाठी भारतात 'आयएस ७१०' शिक्क्याचं मरीन प्लाय मागावं. या मानकात प्लायचा तुकडा ७२ तास उकळूनही थर सुटता कामा नयेत अशी चाचणी आहे. दुकानदार 'वॉटरप्रूफ आहे साहेब' म्हणतो ते प्लाय बऱ्याचदा स्वयंपाकघरातल्या कपाटांसाठी असतं. खात्री हवी असेल तर छोटा तुकडा घरी उकळून बघता येतो, गॅसचा खर्च तेवढा धरा.

होडी उतरवण्याआधी तो तलाव किंवा धरण ज्यांच्या अखत्यारीत आहे त्यांची परवानगी लागते, आणि लाइफ जॅकेट लागतंच. पोहता येत असलं तरी.

आणि कोकणातली होडी बांधायची असेल तर?

इथे खरी अडचण आहे. नॉर्वेची, स्कॉटलंडची, जपानची होडी आज कागदावर मिळते. मालवण किंवा रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची, बाजूला उलांडी लावलेली होडी बांधायची म्हटलं तर तसा तयार नकाशा सहज हाताला लागत नाही. आपल्या नावांची कुणी नोंदच घेतली नाही असं नाही. एडमंड पारी या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने जगभर फिरताना युरोपाबाहेरच्या नावांची मापं घेतली आणि १८४० च्या दशकात ती छापली. त्यात पश्चिम किनाऱ्यावरची पातेमारीसुद्धा आहे. जेम्स हॉर्नेल या ब्रिटिश मत्स्य अधिकाऱ्याने १९२० मध्ये भारतीय होड्यांच्या प्रकारांवर सविस्तर लिहिलं. पण ते अभ्यासकांसाठी होतं. त्यावरून सुताराला काम सांगता येत नाही.

नकाशा नसला की काय करावं लागतं, ते गोव्यात नुकतंच दिसलं. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रात एक जहाज आहे. तसं जहाज पुन्हा बांधायचं असं २०२३ मध्ये सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि गोव्याच्या 'होडी इनोव्हेशन्स' यांनी मिळून ठरवलं. हाताशी एकच चित्र, तेही एका बाजूने काढलेलं. बुडाचा आकार चित्रात दिसत नाही, आतली रचना दिसत नाही. म्हणून नौदलाने आराखडा नव्याने मांडला, आयआयटी मद्रासमध्ये प्रतिकृतीच्या चाचण्या झाल्या आणि केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या चमूने काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून जहाज उभं केलं. खिळा नाही. २१ मे २०२५ ला कारवारमध्ये 'आयएनएसव्ही कौंडिण्य' नावाने ते नौदलात आलं. एवढं बळ सरकारी प्रकल्पाला असतं. घरी होडी बांधणाऱ्याकडे नसतं.

पण कोकणात अजून अजिंठ्यासारखी वेळ आलेली नाही. किनाऱ्यावर फायबरच्या होड्या वाढल्या असल्या, तरी नारळीखाली, झापांनी झाकलेली लाकडी होडी अजून दिसते आणि ती बांधणारा मिस्त्री कधी कधी त्याच वाडीत राहत असतो. तिचं मोजमाप घ्यायला लागणारं सामान प्रत्येक सुताराकडे आहे. ओळंबा, लेव्हल, गुण्या, सुतळी आणि टेप.

मालकाची परवानगी घ्यायची, होडी लेव्हल लावून सरळ बसवायची. पुढच्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत मध्यावर सुतळी ताणायची. त्या सुतळीवर दर फुटाला किंवा दोन फुटांना खूण करायची, ही झाली स्टेशनं. प्रत्येक स्टेशनवर काठापासून खाली ओळंबा सोडायचा आणि ठरावीक उंचीवर होडीची बाजू ओळंब्यापासून किती आत आहे ते मोजायचं. काठ मध्यसुतळीपासून किती लांब, तेही लिहायचं. दोन्ही बाजू मोजायच्या, कारण जुनी होडी एका अंगाला बसलेली असू शकते, आणि फक्त डावी बाजू मोजली तर तिचं म्हातारपणही नकाशात उतरतं. तळ मध्ये वर उचलला गेलाय का तेही बघायचं. मग फळ्यांची जाडी, फासळ्यांमधलं अंतर, खिळे कुठल्या धातूचे, लाकूड कुठलं. साग, आईन, फणस की उंडी, हे मिस्त्री बोट लावून सांगतो.

त्याला बोलतं करा आणि फोनवर रेकॉर्ड करा. कुठली फळी आधी बसते, प्रत्येक भागाला त्या वाडीत काय म्हणतात, अमुक ठिकाणी आकार असाच का ठेवला, हे ओळंब्याने मोजता येत नाही. नावं त्याच्या बोलीतच लिहा, शेजारच्या गावात ती वेगळी असतील. शेवटी त्या होडीत बसून एक फेरी मारून यायची, आणि रिकामी असताना व भरलेली असताना पाणी काठापासून किती खाली राहतं ते वहीत टिपायचं. मापं घ्यायला पावसाळ्यानंतरची, वारा पडलेली सकाळ निवडा. वाऱ्यात ओळंबा हलत राहतो.